गाडीत बोलायचं नाही

आमच्याकडे गाडी आली तेव्हा दिल्लीत, सरोजिनी नगरच्या आमच्या ब्लॉकखाली स्कूटर सोडून दुसरं वाहन उभं नसायचं. गाडी सेकंडहँड होती, छोटी होती, पांढरी होती. बाबा तिला रोज सकाळी अंघोळ घालायचे आणि मग चार्टर्ड बसनं ऑफिसला जायचे. गाडी फक्त रविवारी निघायची.

पावसाळा, दिवाळी सगळं छान गेलं. मग डिसेंबर आला. बाहेर धुकं आणि आत आम्ही. कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत पोचेतो पुढची काच आतून पांढरीफटक व्हायची आणि बाबा आम्हाला विचारत विचारत गाडी चालवायचे.

"डावीकडे काय आहे?"

"सायकलवाला."

"जवळ आहे?"

"आता नाही. तो उतरून फुटपाथवर चढलाय."

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. घरात नळ गळायला लागला तरी ते आधी त्याची कारणमीमांसा करायचे, नळ नंतर. काचेच्या बाबतीत त्यांचं पहिलं अनुमान असं की बाहेरचं धुकं फटींतून आत येतं. म्हणून त्यांनी चारी दारांच्या फटींत आईच्या जुन्या साडीच्या पट्ट्या कोंबल्या. गाडी बरणीसारखी घट्ट झाली. त्या रविवारी आम्ही ब्लॉकच्या फाटकातूनही बाहेर पडू शकलो नाही.

मग उपायांची रांग लागली. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की काचेवर कापलेला बटाटा चोळा. आईनं बटाटा दिला, पण बघायला खाली आली. बाबांनी अर्धा तास काच चोळली. वाळल्यावर तिच्यावर पिठाचे फराटे उठले.

"आता वरून फोडणी तेवढी द्या," आई म्हणाली आणि उरलेला अर्धा बटाटा घेऊन वर गेली.

त्यानंतर मीठ. मीठ दमट हवा ओढून घेतं, हे बाबांना शाळेपासून माहीत होतं. त्यांनी आपले ऑफिसचे तपकिरी मोजे खडेमिठानं भरले, गाठी मारल्या आणि आरशाला टांगले. दोन भरलेले मोजे काचेपुढे डुलताना कसे दिसतात, ते मी सांगत बसत नाही. समोरच्या क्वार्टरमधले पंजाबी अंकल गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, हमारे यहाँ तो नींबू-मिर्ची लगाते हैं. आपके महाराष्ट्र में मोज़े का टोटका है?"

बाबा आयुष्यात कधी देवळात गेले नव्हते. "टोटका नहीं है जी, साइन्स है," ते म्हणाले. अंकलनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अंकलच्या स्कूटरच्या हँडलला एक छोटा मोजा बांधलेला होता.

शेवटी बाबा मूळ कारणाशी पोचले. वाफ धुक्याची नव्हती, आमची होती. आम्ही श्वास घेत होतो. तो बंद करता येत नाही, हे त्यांनी थोड्या नाराजीनं मान्य केलं. पण बोलणं बंद करता येतं. त्यांनी नियम जाहीर केला: गाडीत कुणी बोलायचं नाही. श्वास नाकानं, आणि तोही खाली, मांडीकडे सोडायचा. खिडक्या उघडायचा विषयच नव्हता. खिडकी उघडली तर बाहेरचं धुकं आत येईल. पहिलं अनुमान त्यांनी पूर्णपणे मागे घेतलेलं नव्हतं.

आता माझं सांगते. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्यासाठी नोएडाचा एक मुलगा शोधला होता. काका नागपूरचे, अंगानं भारी, आणि दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घरातलं कोण लग्नाचं आहे हे त्यांना तोंडपाठ. मुलाकडच्यांनी संक्रांतीनंतरच्या रविवारी तिळगुळाला बोलावलं. एरवी मुलाकडचे मुलीकडे येतात. बाबा म्हणाले, "त्यांना कशाला त्रास? आपल्याकडे गाडी आहे." दाखवायचा कार्यक्रम माझा होता की गाडीचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अडचण अशी होती की त्याच आठवड्यात मला गुडगावला नोकरी लागली होती. नव्या कंपनीत, सोमवारपासून. आईला माहीत होतं, बाबांना नव्हतं. बाबांच्या मते खाजगी नोकरी म्हणजे लग्नातली पंगत. आज आहे, उद्या नाही. त्यात काकांनी मुलाकडे आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगी घरातली आहे, नोकरीबिकरीची तिला हौस नाही. हे त्यांनी आईला जिन्यात मोठ्या अभिमानानं सांगितलं. आमच्या लोकांत असल्या गोष्टी चहा संपेपर्यंत ठरतात. एकदा ठरलं की मग गुडगाव विसरा.

"नोएडा यायच्या आत त्यांना सांग," आई मला म्हणाली. "तिथं बसल्यावर तुला तोंड उघडता यायचं नाही."

घरी मी दोनदा सांगायला गेले होते. पण नकोसं काही कानावर येणार असा वास आला की बाबा फडकं घेऊन गाडी पुसायला खाली जायचे. म्हणून मी गाडीतच सांगायचं ठरवलं. गाडीत बसलेला माणूस गाडी पुसायला जाऊ शकत नाही. फक्त तिथं बोलायची बंदी होती, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

रविवारी सकाळी निघालो. मी पुढे, हातात काच पुसायला मलमलचा तुकडा. मागे काका कानटोपी घालून आणि त्यांच्या शेजारी आई, मांडीवर गुळाच्या पोळ्यांचा डबा. पोळ्या तव्यावरून थेट डब्यात आल्या होत्या.

"तो डबा डिकीत ठेव," बाबा म्हणाले. "वाफ येतेय त्याला."

"खायची वस्तू डिकीत? स्टेपनीजवळ?"

"मग झाकण घट्ट लाव."

"घट्ट लावलं की पोळ्यांना घाम सुटतो. मग त्यांच्याकडे काय, लगदा नेऊ?"

एवढ्या संभाषणानं काच अर्धी गेली. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्ही निघालो.

धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसत होता. बाबा स्टिअरिंगवर ओणवे झाले होते, नाक काचेपासून वीतभर, आणि तशा अवस्थेत ते आम्हाला वाफ कशी धरते हे समजावून सांगत होते. न बोलण्याचं महत्त्व ते इतकं सविस्तर सांगत होते की त्यांच्या तोंडासमोरची काच सतत पांढरी होत होती. ती मी पुसायची, ते पुन्हा बोलायचे. गाडीतली निम्मी वाफ एकट्या बाबांची आहे हे आम्हा तिघांनाही दिसत होतं, पण ते सांगायचं कसं? बोलायचं नव्हतं.

"बाबा," मी इंडिया गेटपाशी म्हटलं.

"काच."

मी काच पुसली. मागून आईनं माझ्या पाठीत बोटाचं पेर रुतवलं. काका मांडीकडे श्वास सोडत डुलक्या घेत होते.

निजामुद्दीनचा पूल आला. खाली यमुना होती असं धरून चालायचं, दिसत काहीच नव्हतं. पूल संपला की नोएडा काही लांब नाही. आत्ता बोलले नाही तर संध्याकाळपर्यंत माझं लग्न ठरलेलं असेल, हे मला त्या पांढऱ्या काचेवर स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, मला गुडगावला नोकरी लागलीय, उद्यापासून जायचंय आणि मी जाणार आहे," मी एका दमात म्हटलं. माझ्यासमोरची काच पार गेली.

एक क्षण कुणी श्वासही घेतला नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. बाबा म्हणाले, गुडगावला? तिथं शेतं आहेत. काका खडबडून जागे झाले आणि म्हणाले, अरे यार, मी त्यांना काय शब्द दिलाय. आई म्हणाली, तुमच्या शब्दाचं तुम्ही बघा. बाबा म्हणाले, तुला माहीत होतं? काचा चारी बाजूंनी पांढऱ्या झाल्या. आम्ही पिठाच्या डब्यात बसून भांडत होतो. पलीकडून एका बसनं जोरात भोंगा दिला तेव्हा बाबांनी पूल ओलांडून गाडी कशीबशी कडेला घेतली.

"काचा खाली करा," बाबा म्हणाले. "सगळ्या."

आम्ही हँडल फिरवले. बोचरी थंडी आत आली. मिनिटभरात पुढची काच पुसल्यासारखी स्वच्छ झाली. बटाटा नाही, मीठ नाही. बाबा त्या काचेकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून मला त्यांची दया आली. महिनाभराचं काम होतं ते.

"ऑफिस कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"नवी बिल्डिंग आहे. सगळी काचेची."

"आतून वाफ धरते?"

"नाही. बारा महिने एसी असतो."

"हं," बाबा म्हणाले. मग त्यांचा राग परत आला. "मला आधी का नाही सांगितलंस?"

मागून आई म्हणाली, "कधी सांगणार होती? तुम्ही कुणाला बोलू देता का?"

ती फक्त गाडीबद्दल म्हणत नव्हती, हे गाडीतल्या सगळ्यांना कळलं. कानटोपीतल्या काकांनासुद्धा. बाबा मागे वळून काकांना म्हणाले, "तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंय?"

काकांनी घसा खाकरला. "हेच, की मुलगी घरातली आहे. नोकरीची हौस नाही. बोलायची पद्धत असते ती."

"माझ्या वतीनं?"

"हो, म्हणजे चांगल्यासाठीच."

"चुकीची माहिती," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा संताप मी माझ्या नोकरीच्या बातमीलाही ऐकला नव्हता. सबंध आयुष्यात त्यांनी एका कागदावर खोटी ओळ जाऊ दिली नव्हती. मुलगी हाताबाहेर गेली तर ते कदाचित सोसतील, पण त्यांच्या नावावर खोटी गोष्ट जमा झालेली त्यांना सोसवणारी नव्हती.

उरलेला रस्ता आम्ही उघड्या खिडक्यांनी गेलो. नोएडातली सेक्टरं तेव्हा निम्मी रिकामी होती आणि रिकाम्या प्लॉटांवरचा वारा सरळ आमच्या अंगावर येत होता. तासभर खपून घातलेल्या माझ्या अंबाड्याचं पार घरटं झालं. काकांची कानटोपी हनुवटीपर्यंत आली होती. पोळ्या गारठून पापडासारख्या कडक झाल्या. पण वाऱ्यानं धुकंही पांगलं होतं; सेक्टरांच्या पाट्या बाबांना सगळ्या वाचता येत होत्या, आणि ते त्या मोठ्यानं वाचत होते.

मुलाच्या वडिलांनी दार उघडलं. मागे त्यांची बायको तिळगुळाची वाटी घेऊन उभी होती, तिच्या मागे मुलगा, नव्या स्वेटरमध्ये. त्यांनी या या म्हटलं. बाबांनी बूटही काढले नाहीत.

"आत यायच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे," लाल झालेल्या नाकानं बाबा म्हणाले. "तुम्हाला चुकून वेगळं कळवलं गेलंय. आमची मुलगी उद्यापासून गुडगावला नोकरीला जाणार आहे. लग्नानंतरही जाईल. आमच्या घरी ते ठरलेलं आहे."

ते आमच्या घरी कधीच ठरलं नव्हतं. मी एकटीनं ठरवलं होतं आणि अर्ध्या तासापूर्वी पुलावर एका दमात सांगितलं होतं. पण बाबांनी ते असं सांगितलं, जणू महिनाभर आम्ही सगळे मिळून त्याचाच विचार करत होतो. मला रडू आवरेना आणि मी दारातच डोळे पुसायला लागले.

"पोरीला थंडी बाधलीय," काका घाईघाईनं यजमानांना म्हणाले. "आधी चहा टाका, वहिनी."