बिनविरोध

सासूबाई आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर राहायला आल्या तेव्हा शहाण्णव साल सरत आलं होतं. नवरा बोटीवर होता. घरात त्या, मी आणि शाळेत जाणारी मुलगी. मी दोन वर्षांपूर्वी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं. भारतीय पासपोर्ट परत केल्याचं कळवलं, तेव्हा सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "म्हणजे इकडचं मत गेलं तुझं." इथलं मिळेल की, असं मी म्हणाले होते.

त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त उत्सुकता. खाली फेरी मारून आल्या की विचारायच्या, "अगं, गाड्या कधी फिरणार? उमेदवार घरी येतात की नाही?"

अर्ज भरायच्या दिवशी दुपारी टीव्हीवर बातमी आली. आमच्या मतदारसंघात विरोधात कुणी अर्जच भरला नव्हता.

"म्हणजे काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"वॉकओव्हर. आपल्याकडे बिनविरोध म्हणतो ना, तसं. आले निवडून."

"मतदान नाहीच?"

"आपल्या मतदारसंघात नाही. पलीकडे क्लेमेंटी भागात आहे."

"बट हॉलिडे स्टिल गॉट, लाह," मुलगी शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. मतदानाची सुट्टी सगळ्यांनाच होती.

मला फारसं काही वाटलं नाही. एक काम कमी झालं, इतकंच. सासूबाईंनी मात्र टीव्ही बंद केला.

संध्याकाळी खिडकीबाहेरच्या बांबूवरचे कपडे आम्ही आत घेत होतो, तेव्हा त्या आपणहून बोलायला लागल्या. नगरपालिकेला त्या एकदा उभ्या राहिल्या होत्या, हे मला माहीत होतं. 'आईला मध्ये निवडणुकीचं खूळ लागलं होतं' असं नवरा सांगायचा. बाकीचं मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला होता. गावच्या पुढाऱ्याची भावजय उभी राहणार हे ठरलेलंच होतं. सासूबाईंनीही अर्ज भरला. मग चार प्रतिष्ठित मंडळी घरी आली. बिनविरोध होऊ द्या, गावाची शोभा राहते, असं सासऱ्यांना म्हणाली. सासरे हो म्हणाले आणि आत चहा सांगितला.

"मी चहा घेऊन गेले," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, अर्ज माझ्या नावावर आहे, मागे घ्यायचा तर मी घ्यायचा. मी घेणार नाही. सगळे चहा न घेताच उठले."

"मग?"

"मग काय, सपाटून पडले. आमच्या गल्लीनंसुद्धा सगळी मतं दिली नाहीत. तुझे सासरे कितीतरी दिवस देवळाकडे फिरकले नाहीत. लोक विचारतील म्हणून."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. "पडल्याचं नाही वाटलं. यांनी मला न विचारता हो म्हटलं, त्याचं वाटलं."

मतदानाच्या दिवशी त्यांना बघायचं होतं म्हणून आम्ही एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, क्लेमेंटीला माझ्या मैत्रिणीकडे गेलो. तीही मराठी, माझ्याआधी नागरिक झालेली. शाळेत मतदान केंद्र होतं. ती आत गेली, आम्ही रस्त्याच्या अलीकडे बाकावर बसलो. आरडाओरडा नाही, झेंडे नाहीत. लोक येत होते, जात होते. सासूबाई टक लावून बघत होत्या.

मैत्रीण बाहेर आल्यावर त्यांनी तिचं बोट हातात घेतलं. "शाई नाही लावली?"

"इथे लावत नाहीत, मावशी."

"कुणाला दिलंस?"

मैत्रिणीनं आजूबाजूला पाहिलं. "असं विचारत नाहीत हो इथे."

"आमच्याकडे न विचारता सांगतात," सासूबाई म्हणाल्या. मग आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांत, जाऊन चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. क्लेमेंटीतही सत्तेतलेच उमेदवार आले होते. सासूबाईंनी हरलेल्यांचे आकडे माझ्याकडून वाचून घेतले. "मतं बरी पडली की," एवढंच म्हणाल्या.

पुढे नगरपालिकेला त्यांचा वॉर्ड खुला झाला. त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. आम्ही क्वीन्सटाउनलाच राहिलो, आणि तिथे बरीच वर्षं विरोधात कुणी आलं नाही. मला पहिलं मत द्यायला मिळालं तेव्हा माझी मुलगीही मतदार झाली होती आणि सासूबाई नव्हत्या. आम्ही दोघी नाश्ता करून गेलो. रांग लहान होती, लगेच बाहेर आलो.