साच्यातली ओल

रोह्याच्या कंपनीत मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एक पातळ पापुद्रा तयार करणं. फॉस्फरस आणि नायट्रोजनची लांब साखळी, तिच्या बाजूंना सिलिकॉनचे हात. फॉस्फरसमुळे तो सहज पेटत नाही, सिलिकॉनमुळे लवचीक राहतो. हवेतली ओल लागली की हे हात एकमेकांना धरतात आणि पापुद्रा सावकाश घट्ट होतो.

माझा मात्र तडकत होता. साच्यातून काढला की कडा वर वळायच्या आणि मधोमध चिरा पडायच्या. साहेब शेवटी म्हणाले, "शुक्रवारी एकदा दाखवा. नाहीच जमलं तर सिलिकॉन काढून टाकू." सिलिकॉन गेलं की माझं कामच संपलं. मी "येस सर" म्हटलं. बैठकीत मी तेवढंच बोलत असे.

रेसिपी बरोबर होती, याबद्दल मला शंका नव्हती. तडकलेले तुकडे मी खिडकीपाशी उजेडात धरले. वरची बाजू काचेसारखी स्वच्छ, साच्याला टेकलेली बाजू दुधाळ. म्हणजे खालचा थर आधी आवळत होता. त्याला ओल खालूनच मिळत होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. साचे धुऊन मांडणारे काका माझ्यासारखेच पेणचे. गणपतीच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून इथे लागलेले. त्यांनी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि साच्यातून अगदी मायेने फिरवलं. पेणला रामवाडीत आमच्या शेजारीही असाच कारखाना होता. रबरी साच्यात प्लास्टर ओतण्याआधी तिथे असाच ओला हात फिरवायचे, म्हणजे मूर्तीच्या नाकावर बुडबुडा राहत नाही. लहानपणापासून इतकं पाहिलेलं, की इथे ते माझ्या नजरेला खटकलंच नव्हतं.

"काका, रोज असं पुसता?"

"व्हय. का गो? पेणची ना तू? कोरड्या साच्यात कोण ओततंय?"

"हे प्लास्टर नाही. याला पाणी लागलं की तडकतं."

काकांचा हात थांबला. "म्हंजे मीच वाटोळं केलं म्हण की. आता साहेबाला सांगशील."

"साचा ओला होता, एवढंच सांगेन."

"सांग बाय. पण जरा मोठ्यानं सांग. तू बोललेलं मला टेबलाच्या ह्या बाजूला ऐकू येत नाय."

आम्ही साचा ओव्हनमध्ये सुकवला, झाकून गार केला आणि मी त्यात मिश्रण ओतलं.

शुक्रवारी साहेबांनी पापुद्रा पेन्सिलीभोवती गुंडाळला. सोडल्यावर तो सरळ झाला. मी त्याच्या कडेला ज्योत धरली. कड काळी पडली, ज्योत बाजूला घेताच विझली.

"काय बदललंत?"

"रेसिपी तीच आहे, सर. साचे ओले राहत होते. आता आम्ही ते सुकवून घेतो."

"मग सिलिकॉन?"

"ठेवायचं," मी म्हटलं. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी पेन्सिल खिशाला लावली. "पुढचा मोठा करा."

दारात काका उभे होते. "मोठा साचा ना?" ते म्हणाले. "इस्त्री करून ठेवतो."