शिट्टीवाला

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की सोमवारी सकाळी ऑफिसात पहिला शब्द बोलताना माझा आवाज बसलेला असतो. सर्दी नसायची. शुक्रवार संध्याकाळपासून तो वापरलेलाच नसायचा.

धायरीच्या दोन खोल्यांत आई आणि मी अकरा वर्षं राहिलो. मी मूळची वर्ध्याकडची. नागपूरला शिकले, नोकरीसाठी पुण्यात आले, लग्न केलं नाही आणि इथलीच झाले. इथलीच झाले असं म्हणते खरी, पण तोंड उघडलं की माझं गाव बाहेर येतं. "जेवून राहिली" म्हटलं की ऑफिसातल्या पोरी अजून हसतात, वाईट हेतू नसतो त्यात. खडकीतल्या एका कंपनीत मी मोजमापाची उपकरणं तपासते. बाहेरच्या कारखान्यांतून मीटर येतात, ते खरं सांगतात की नाही ते बघायचं आणि तपासल्याची चिठ्ठी चिकटवायची. या कामात फारसं बोलावं लागत नाही.

आईच्या विम्याचे कागद शोधताना कपाटात माझा हॅम रेडिओचा परवाना सापडला. तंत्रनिकेतनात असताना आम्ही चार मैत्रिणींनी हौसेने परीक्षा दिली होती. सरकार आपल्याला एक कॉलसाईन देतं, म्हणजे हवेतलं आपलं नाव, आणि मग जगात कोणाशीही बोलता येतं. बाकीच्या तिघी केव्हाच विसरल्या. मी मात्र दर वेळी नूतनीकरण करत आले होते. का, ते सांगता येणार नाही. त्या दिवशी तो कागद हातात धरून वाटलं, फोन करायचा तर कोणाला तरी करावा लागतो. रेडिओवर नुसती हाक मारता येते.

गाडी होतीच, आईला दवाखान्यात न्यायला घेतलेली. हा छंद सोडत असलेल्या एका गृहस्थांकडून जुना सेट घेतला. त्याला सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची पिन आधीच लावलेली होती, त्यामुळे काम सोपं वाटलं. रविवारी पार्किंगमध्ये डॅशबोर्डखाली सेट बसवला, लोहचुंबकाच्या बुडाची अँटेना टपावर ठेवली, तिची वायर मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली. सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला निघाले होते. ते थांबून अँटेनेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पार्किंगचा नियम लांबीरुंदीचा आहे. उंचीचं काही लिहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही."

सोमवारी सकाळी निघाले. आमच्या भागात एका डोंगरावर रिपीटर बसवलेला आहे. आपला क्षीण सिग्नल तो घेतो आणि जोरात सगळीकडे फेकतो. आपण बटण सोडलं की त्याची बारीकशी "खर्र" ऐकू येते, त्यावरून आपला सिग्नल तिथवर पोचला हे कळतं. आठ ते नऊच्या दरम्यान त्यावर चार-पाच जण गप्पा मारत होते. त्यातला मुख्य आवाज एका म्हाताऱ्या माणसाचा होता. ते कर्वेनगरला राहायचे आणि खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते, एवढं त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. तोडून तोडून बोलायचे. कोणी म्हणालं आज ऊन फार आहे, की म्हणायचे, "एप्रिलमध्ये असतं."

राजाराम पुलावर मला धीर आला. बोलण्यात जागा पडली तसं मी बटण दाबलं, कॉलसाईन सांगितलं आणि म्हटलं की धायरीहून खडकीला निघून राहिली आहे, कोणी ऐकून राहिलं का. बटण सोडलं. खर्र आली. म्हणजे पोचलं होतं. थोडा वेळ शांतता पसरली, आणि मग म्हातारबुवांनी आपली भेंडीच्या भाजीची गोष्ट पुढे सुरू केली.

मला वाटलं, नवीन माणसाला लगेच घेत नसतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी खर्र यायची, शांतता व्हायची, आणि ते आपापलं बोलायला लागायचे. आठवड्याभराने मला कारण सापडलं असं वाटलं. माझं "निघून राहिली". मग मी घरून निघतानाच वाक्य घोकायला लागले. मी धायरीहून निघाले आहे. मला कोणी ऐकू शकत आहे का. आरशासमोर उभं राहून म्हणायची. बोलताना कुठे हेल निघतो ते बघायची. पन्नाशी जवळ आलेली बाई आरशासमोर पुणेरी मराठीचा सराव करते आहे, हे कोणी पाहिलं असतं तर मला लाज वाटली असती. पण बघायला घरात कोणी नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या बोलण्यात एका शिट्टीवाल्याचा उल्लेख यायला लागला. रोज कोणीतरी येतो, नुसती शिट्टी वाजवतो आणि जातो, असं ते म्हणायचे. कोणाला वाटायचं एखादा खोडसाळ माणूस असेल. एकदा एक जण म्हणाला, "आज शिट्टीवाला यायचाय अजून." मीही उत्सुकतेने कान देऊन बसले. मला तो कधीच ऐकू आला नव्हता. मी ऑफिसात शिरल्यावर येत असेल अशी समजूत करून घेतली होती. मग मी माझं घोकलेलं वाक्य म्हटलं. शांतता झाली. कोणीतरी हसून म्हणालं, "आला." मी सेटजवळ वाकले. पण कुठली शिट्टी ऐकू आली नाही.

आता लिहिताना वाटतं, तेव्हाच कसं कळलं नाही. पण माणसाला एकदा वाटलं की आपण नकोसे आहोत, की मग दुसरं काही सुचत नाही.

महिना उलटला असेल. एका सकाळी विद्यापीठ चौकाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकले होते. मी नेहमीसारखी हाक मारली होती आणि उत्तराची आशा सोडून दिली होती. तेव्हा म्हातारबुवा म्हणाले, "शिट्टीवाले, आपण जे कोणी असाल ते. आपला एक शब्द कळत नाही. बोलू नका. आमचं ऐकू येत असेल तर बटण दोनदा दाबा."

मी वाट बघत बसले. शिट्टीवाला काही दाबेना. दुसरा कोणी म्हणाला, गेला वाटतं. तेव्हा मला आठवलं, त्यांचं ते "आला" माझ्या हाकेनंतरच आलं होतं. मी माइक उचलला आणि बटण दोनदा दाबलं. खर्र. खर्र.

"आहात," ते म्हणाले. "आता होय असेल तर दोनदा, नाही असेल तर एकदा. गाडीत आहात?"

दोनदा दाबलं.

इंजिन चालू आहे का, हे त्यांनी विचारलं. दोनदा. आजच पहिल्यांदा आलात का? एकदा. आठवडा झाला? दोनदा. महिना झाला? दोनदा.

पुढची गाडी सरकली होती आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले होते.

"महिनाभर आपण रोज हाक मारताय," ते म्हणाले, "आणि आम्ही चेष्टा करतोय. गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करून बोला."

खडकीकडे वळल्यावर लष्कराच्या भिंतीला लागून झाडं आहेत, तिथे गाडी उभी केली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की माझाच श्वास ऐकू यायला लागला. महिनाभर घोटलेलं वाक्य डोक्यातून साफ निघून गेलं. कॉलसाईन सांगितलं आणि म्हटलं, "ऐकू येऊन राहिलं का जी?"

"येतंय," ते म्हणाले. "खणखणीत. आणि आपण बाई आहात."

मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं की आम्ही आपल्याला शिट्टीवाला म्हणत होतो. मी म्हटलं, मला माहीत आहे, मीही त्याची वाट बघत होते. तिकडे सगळे हसले असणार, पण रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून मला एकाचंच हसू ऐकू आलं. त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा पोचले. रडले होते, ते डोळ्यांवरून कळत असावं, कारण पोरींनी चहा आणून दिला आणि काही विचारलं नाही.

पुढचे काही दिवस म्हातारबुवा मला रोज सकाळी एक काम सांगायचे आणि मी संध्याकाळी ते करायची. पहिलं काम, व्होल्टेज मोजायचं. बॅटरीवर चौदा होतं. सेटपाशी, बोलायचं बटण दाबल्यावर, कसंबसं अकरा. मधले तीन व्होल्ट त्या बारीक वायरीत आणि लायटरच्या भोकात जिरत होते. सेट उपाशी पडला की बोलणं फाटायचं आणि इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची गुणगुण त्यावर चढून शिट्टी व्हायची. ती माझ्या बोलण्यासोबत बाहेर जायची, म्हणून मला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मीटरवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मला स्वतःच्या गाडीत एकदाही मीटर लावावासा वाटला नव्हता.

तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाडी वायर मागितली. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी कुठली, ट्रक आहे का?" लहान गाडी आहे म्हटल्यावर त्याने वायर कापून दिली. ती बॅटरीपासून थेट आणायची होती. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्याला भोक पाडून वायर ओढून घेताना माझी बोटं सोलली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच घालायचा, यावर ते अडून बसले होते. वायर कुठे घासली तर गाडी पेटेल, आणि मग शिट्टी गेली काय आणि राहिली काय, असं म्हणाले.

शिट्टी कमी झाली, पण गेली नाही. तेव्हा त्यांनी रविवारी गाडी घेऊन कर्वेनगरला बोलावलं. ते दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत हातातला सेट घेऊन बसले, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना झेपत नव्हता. मी खाली गाडीत होते. ते सांगतील तसं एकेक चालू-बंद करत गेले, दिवे, पंखा, वायपर. शेवटी त्यांनी बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली असते तो बोल्ट बघायला सांगितला. तो गंजला होता. मी तो काढला, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला आणि पुन्हा आवळला. इंजिन चालू करून एक ते दहा म्हटलं.

"गेली," ते म्हणाले. "आता वर या. पोहे केलेत."

वर ते एकटेच राहत होते. मुलगा बंगळूरला होता. भिंतीवर बायकोचा फोटो होता. आम्ही समोरासमोर बसलो, आणि बोलायला काही सुचेना. रेडिओवर एकाचं संपलं की दुसरा बोलतो. इथे दोघंही एकदम सुरू करायचो आणि दोघंही थांबायचो. ते म्हणायचे, बोला आपण. मी म्हणायची, नाही, तुम्ही बोला. मग पंख्याचा आवाज ऐकत बसायचो. वीस मिनिटांनी मी उठले. ते दारापर्यंत आले, आणि आपण फार चांगले नाही बोलत समोर, असं स्वतःबद्दल म्हणाले की दोघांबद्दल, ते मला कळलं नाही.

खाली येऊन गाडी सुरू केली तोच सेटमधून आवाज आला. "पोहे कसे झाले होते ते आपण सांगितलं नाही."

मी म्हटलं, मीठ कमी होतं. ते म्हणाले, रक्तदाब आहे. राजाराम पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत आम्ही बोलत होतो. बायको कशी गेली ते त्यांनी सांगितलं. मी आईचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत तिला पुणं आठवेनासं झालं होतं आणि ती मला विचारायची की बाई, तुम्ही कुठल्या गावच्या. हे मी तोवर कोणाला सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर रोज सकाळी आम्ही बोललो. फार मोठं काही नसायचं. माझ्या "राहिली"ला ते हसत नसत. एकदा मात्र त्यांनी ते वाक्य कसं बनतं हे समजावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी "मी ऐकून राहिलोय, बोला" असं गंभीरपणे म्हणाले.

मग ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मुलाने ऐकलं नाही. त्यांनी एका गुरुवारी सगळ्यांना सांगितलं की घर बंद करतोय, बंगळूरला जातोय, तिकडे मुलाच्या सोसायटीत अँटेना लावू देत नाहीत. कोणी काही समजुतीचं बोलायला लागलं तेव्हा ते म्हणाले, भाषण नको. जायच्या दिवशी सकाळी आम्ही भाजीपाल्यावर बोललो. मी खडकीला पोचले तेव्हा ते म्हणाले, "उतरा आता, उशीर होईल." मी उतरले.

त्यांचे दोन फोन आले नंतर. फोनवर काही जमलं नाही.

सकाळचा तो घोळका हळूहळू मोडला. एक जण संध्याकाळी यायला लागला, एकाने गाडी विकली. मी अजून त्या वेळेला हाक मारते. खर्र येते. उत्तर आलं नाही तरी आता आरशासमोर उभी राहत नाही. कोणी नसतं म्हणून येत नाही, एवढंच. तरी ती शांतता गाडीत भरून राहते, हे खोटं नाही.

गेल्या मंगळवारी हवा काही वेगळी असावी, अशा वेळी कधीकधी लांबचे सिग्नल येतात. रिपीटर सोडून मी सहज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सेट लावला होता, आणि नाशिकच्या बाजूचा एक अनोळखी आवाज दोन मिनिटं आला. त्याने माझं कॉलसाईन विचारलं. मी सांगितलं. त्याने अर्धं बरोबर परत म्हटलं आणि उरलेलं म्हणायच्या आत त्याचा आवाज खरखरीत बुडाला. मी तीनदा पुन्हा सांगितलं. मग खडकी आली. गाडी लावली, सेट बंद केला, डबा घेतला आणि वर गेले.