फळ्यावरची शेवटची ओळ

निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी तो अर्ज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा नाशिक ग्रामीणमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो, तोच वरिष्ठांकडून कागद आला. सोबत एका पुढाऱ्याचा अर्ज. राज्याच्या राजकारणावर लिहिणारा एक ब्लॉग होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पुढारी इगतपुरीला गुपचूप भेटणार, हे त्या ब्लॉगने भेटीच्या आदल्याच दिवशी छापलं. भेट फिसकटली. बंदोबस्ताचा गोपनीय आदेश कोणी फोडला ते शोधा आणि अहवाल द्या, असा हुकूम होता.

ठाण्यात तो आदेश दोघांनीच पाहिला होता. एक मी, दुसरा तो टाइप करणारा गोपनीय शाखेचा हवालदार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, सरळ माणूस. मी त्याचा मोबाईल जमा करून घेतला आणि तीन दिवस त्याला समोर उभं केलं.

"साहेब, मी त्यो ब्लॉग कधी वाचला बी नाय," एवढंच तो म्हणायचा.

खोटं बोलणारा रोज आपली गोष्ट घासूनपुसून आणतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. याचं वाक्य तिन्ही दिवस जसंच्या तसं राहिलं. ते मला कळत होतं, तरी मी चौथ्या दिवशी त्याच्या निलंबनाचा प्रस्ताव तयार केला. फक्त सही बाकी होती.

तेवढ्यात माझ्या खबऱ्याचा फोन आला. हा सिन्नर लाइनवर जीप चालवायचा. "साहेब, सिन्नरात वाचनालयाबाहेर फळ्यावर बातम्या लिहायचे ना एक मास्तर, त्यांचंच हे काम. समद्या गावाला ठाऊक हे."

गावाला ठाऊक, पोलिसांना नाही! साध्या कपड्यांत वाचनालय गाठलं. फळा अजून भिंतीवर होता, कोरा. ग्रंथपालाने रजिस्टरमधून मास्तरांचा नाशिकचा पत्ता उतरवून दिला. मी तो वाचला, परत वाचला. सोसायटी माझीच होती. विंग समोरची.

हे मास्तर रोज सोसायटीच्या फाटकाशी मला नमस्कार करायचे. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. ते जराही घाबरले नाहीत. उलट ब्लॉगचा सगळा इतिहास सांगत बसले. सिन्नरला असताना ते पेपरातल्या बातम्या फळ्यावर थोडक्यात उतरवायचे आणि शेवटी स्वतःची एक ओळ लिहायचे. लोक त्या ओळीसाठी थांबायचे. मुलगा नाशकात अंबडच्या कंपनीत लागला, मास्तर त्याच्याकडे आले, फळा सुटला. करमेना, म्हणून सुनेने मोबाईलवर ब्लॉग काढून दिला. आता मुंबईतले मंत्र्यांचे स्वीय सहायकही तो वाचतात. पण मजकूर अजून फळ्यावर मावेल एवढाच.

"ते राहू द्या. इगतपुरीचं कोणी सांगितलं?" मी आवाज चढवला.

मास्तर गोंधळले. "साहेब, तुम्हीच की!"

त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरचा माझा निरोप दाखवला. 'क्षमस्व. सत्यनारायणाला येऊ शकत नाही. इगतपुरीला बंदोबस्त आहे.' आम्ही पोलीस प्रत्येक लग्नाला, बारशाला हेच कळवतो. हात सवयीनेच लिहितो. त्या दिवशी इगतपुरीत ना सभा, ना यात्रा, आणि दोन्ही पुढाऱ्यांचे कार्यक्रम कोरे. मास्तरांनी दोनाला दोन जोडले. ग्रुपवरचे जुने निरोप पाहिले, तर ब्लॉगच्या मागच्या तीन मोठ्या बातम्यांच्या आधीही माझंच 'क्षमस्व' होतं.

चोर सापडला म्हणावं, तर चोरी कसली? मास्तरांवर कुठलं कलम लावणार? आणि माझ्यावर?

रात्रभर तळमळलो. खरं सांगतो, प्रस्तावावर सही करून मोकळं व्हावं, असंही एकदा मनात आलं. त्याची लाज आजही वाटते. सकाळी तो कागद फाडला आणि अहवालात माझं नाव लिहिलं. मला ठपका मिळाला. महिनाभरातच ते दोन पुढारी एका व्यासपीठावर गळ्यात गळा घालून उभे होते, म्हणजे आम्ही नेमकं काय जपत होतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

मोबाईल परत देताना मी हवालदाराची माफी मागितली. त्याने कडक सॅल्यूट ठोकला, चहा मात्र घेतला नाही. दोन वर्षांनी तो निवृत्त झाला, तेव्हा निरोप समारंभात हार गळ्यात असतानाच तो माझ्याजवळ आला.

"साहेब, येक विचारू? आदेश आपण दोघांनीच पाहिला व्हता. मग पहिल्या दिवशी तुम्हाला तुमचं नाव का नाय सुचलं?"

सेवेत हजारो प्रश्न विचारले. हा एक स्वतःला विचारायचा राहिला होता. त्याने हार काढून टेबलावर ठेवला आणि तो बसस्टँडकडे चालू लागला.