भाऊजींचं मेणाचं डाळिंब

माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, दात सोडून या जगात दुसरं काही बघतच नाहीत. कवळ्या बनवण्यात जन्म गेला त्यांचा. लग्नाला नेलं तर नवरी कशी होती ते सांगता येणार नाही, पण "सुळे जरा पुढे आहेत हो, वहिनी," हे भर पंगतीत सांगणार. टीव्हीवर कुणी पुढारी तावातावाने बोलत असला की म्हणणार, "खालची कवळी ढिली आहे, भाषण लांबायचं नाही." आता रिटायर झाले तरी गुलाबी मेणाचा तुकडा खिशात असतोच, गप्पा मारता मारता एखादी दाढ कोरून माझ्या टीपॉयवर ठेवून जातात.

अशा माणसाकडे मी गेले ती रडकुंडीला येऊन. सासूबाईंना आता दिसत नाही. आमच्या चारकोपच्या घरात पॅसेजच्या भिंतीला उठावाच्या डाळिंबाची एक टाइल आहे. तिच्यावर बोटं फिरवली की त्यांना कळतं, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे आपली खोली. त्या मुलुंडला लेकीकडे गेल्या आणि इकडे नळवाल्याने पाइप बदलताना नेमकी तीच फोडली. मागे नुसती खुर्ची हलवली होती, तर घाबरून कितीतरी दिवस पलंग सोडला नव्हता त्यांनी.

"भाऊजी, आई चालणं सोडतील हो!"

तुकडे जुळवून भाऊजी माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसले. सुरी दिव्यावर तापवायची, मेण खरवडायचं, डोळे मिटून बोट फिरवायचं. पुढे साच्यातली माती भाजताना आकसते, म्हणून मेणाचं डाळिंब मूळ टाइलवरच्यापेक्षा थोराड. मेण मऊ पडलं की ते फ्रिजमध्ये, श्रीखंडाशेजारी. एका दुपारी बघते तर काय, प्रत्येक दाण्याच्या माथ्यावर खळगे!

"भाऊजी, हे दाणे की दाढा?"

"हात वळतोच ना हो तिकडे," म्हणत बिचाऱ्यांनी दाणा न् दाणा परत गुळगुळीत केला. मग मेणावरून प्लास्टरचा साचा, साच्यात माती, ओळखीच्या कुंभाराची भट्टी, रंग. आणि आई यायच्या आदल्या संध्याकाळी टाइल भिंतीत बसली.

आई आल्या. भिंत धरून निघाल्या. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. बोटं डाळिंबावरून फिरली आणि त्या न थांबता डावीकडे वळल्या.

"चहा टाकलास का गं?"

"टाकते, आई!" मी म्हटलं. "सुटलो, वहिनी," भाऊजी म्हणाले. मग अगदी हळू, "पण क्षणभर थांबायला हवं होतं ना आईने."

पहिला कप मी त्यांच्याच हातात दिला. आईंना म्हटलं, अजून उकळतोय.