मार्गशीर्षात लागलेला बार्श

आमची फुगवायची कयाक केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आमच्या खोलीत असते. नोव्हेंबरात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आणि नवऱ्याने त्यांच्या दोन रिकाम्या बॅगा नेमक्या कयाकपुढे ठेवल्या. बॅगा हलवणं सोपं होतं. रविवारी सकाळी त्या का हलवायच्या, हे सासूबाईंना सांगणं अवघड होतं.

रविवारची सकाळ माझी असते. इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या ऑफिसात, मी आठवडाभर जर्मन आणि इंग्रजी बोलते, घरी मराठी, आणि तिन्ही भाषांत मला वाटतं की समोरचा माणूस माझं वाक्य संपायची वाट बघतोय. तळ्यावर तसं कुणी नसतं. खडी काढून झाल्यावर उरलेला तो एक मोठा खड्डा आहे, पाण्याने भरलेला, काठाला बर्चची झाडं. तिथल्या मासेमारी क्लबची मी सभासद आहे. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलाय. हिवाळ्यात मी बार्श पकडायला जाते. हिरवट अंगावर काळे पट्टे, लालसर पर, पाठीवर काट्यांचा पंखा असा तो मासा. थंडीत बार्श खोल पाण्यात घोळक्याने बसून राहतात. गळाला लावलेली रबरी मासोळी तळापर्यंत सोडायची, जराशी उचलायची आणि थांबायचं. मला त्यातलं थांबणंच आवडतं. पण ‘मी थंडीत एकटी पाण्यावर नुसती बसते’ असं लोकांना सांगता येत नाही. ‘फिशिंग’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

सासूबाई रेवदंड्याच्या, माशांवर वाढलेल्या. मी पुण्याची, लग्नाआधी मला पापलेट आणि ‘दुसरा मासा’ एवढेच प्रकार माहीत होते. तरी माझं जाणं त्यांना पटलं नाही.

“अरे, एवढ्या थंडीत, रबराच्या होडीत, एकटी? तू सोडतोस कसा हिला?”

“आई, ती मला विचारून जात नाही,” नवरा म्हणाला. “आणि लाइफ जॅकेट घालते.”

“तुझे बाबा तरी बरे, मला बाजारापर्यंत सोडायला यायचे.” मग माझ्याकडे वळून, “जा बाई. पण मार्गशीर्ष लागतोय. महिनाभर घरात मासा नाही, ठाऊक आहे ना?”

“हो आई. तसंही काही लागत नाही. दोन महिन्यांत एकही लागलेला नाही.”

हे खरं होतं. म्हणूनच मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी मी निर्धास्त गेले.

धुकं होतं. रॉड हातात धरून मी बसले होते, थर्मासमधला चहा संपत आला होता, आणि दोरी एकदम जड झाली. आधी वाटलं, तळाशी काहीतरी अडकलं. मग ते ‘काहीतरी’ डोकं हलवायला लागलं. वर आला तो माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब बार्श. एवढा मोठा मी फक्त क्लबच्या भिंतीवरच्या फोटोत पाहिला होता.

“पेट्री हाइल!” काठावरून आवाज आला. इथले मासेमार एकमेकांना अशी शुभेच्छा देतात. क्लबचे एक आजोबा तिथे खुर्ची टाकून बसलेले असतात.

“पेट्री डांक,” मी म्हणाले. उत्तर ठरलेलं असतं, म्हणून मला ते जमतं.

सोडून द्यावा, असं मनात आलंच. पण खाण्याजोगा मासा परत सोडायचा नाही, हा क्लबचा नियम आहे. आणि इतक्या खोलातून वर आलेल्या बार्शच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. तो वरच तरंगत मरतो. परीक्षेच्या वेळी शिकवलं होतं तसं मी त्याला डोक्यात फटका देऊन पटकन मारलं.

मग मासा पायाशी ठेवून विचार करत बसले. घरी नेला तर भांडण होणार नव्हतं. आमच्याकडे भांडत नाहीत. फक्त पुढच्या रविवारपासून त्या बॅगा कयाकपुढून हलल्या नसत्या. एकच उपाय होता: आजोबांना देऊन टाकायचा. ‘माझ्या घरी सध्या धार्मिक महिना चालू आहे, तर आपण हा मासा घ्याल का?’ हे वाक्य जर्मनमध्ये नीट जुळवेपर्यंत मी काठाशी पोचले, आणि तोवर आजोबांची गाडी निघून गेली होती.

दार नवऱ्याने उघडलं. पिशवीत डोकावला आणि हसायलाच लागला. “दोन महिने काही नाही, आणि आज? गेनाऊ, नेमका आजच?”

“हळू बोल ना.”

“काय आहे रे?” सासूबाई आल्याच. मी पिशवी उघडून धरली. त्यांनी वाकून पाहिलं. एका बोटाने कल्ला उचलला. इथे आल्यापासून त्यांनी माशाचे नुसते चौकोनी तुकडेच पाहिले होते आणि दर वेळी म्हटलं होतं, मुंडकं नाही तो कसला मासा.

“लालभडक आहे, अगदी ताजा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बोट मागे घेतलं. “सोडला का नाहीस?”

“सोडला असता तरी जगला नसता.”

त्यांनी पुन्हा एकदा पिशवीत पाहिलं. “मग वाया घालवायचा नाही. साफ करता येतो?”

“येतो.”

“बाल्कनीत कर. माझ्या ओट्यावर नको.”

ओटा तसा माझा होता, पण ही वेळ नव्हती.

बाल्कनीत जुनी फळी घेऊन मी बसले. सासूबाई काचेच्या दाराआड उभ्या. माझी सुरी चुकीच्या बाजूने फिरली की त्या काचेवर टकटक करायच्या आणि हाताने दाखवायच्या. मी मुंडकं बाजूला केलं तेव्हा जोरात टकटक झाली, दार उघडलं, आणि त्या माझ्या नवऱ्याचं जॅकेट घालून बाहेर आल्या.

“टाकू नकोस ते! कालवण कशाचं करायचं मग?”

“पण मार्गशीर्ष...”

“जन्मभर असतो का मार्गशीर्ष?”

मासा मुंडक्यासकट फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात गेला.

आठवडाभर विषय निघाला नाही. मीही काढला नाही. पुढच्या रविवारी मी सकाळी उठून चहा टाकला.

“गेली नाहीस?” सासूबाईंनी विचारलं.

“महिना आहे ना.”

“महिना माशाचा आहे. पाण्यावर बसायला कोण नको म्हणतंय? गळ तेवढा घरी ठेव.”

“मग तिथे जाऊन करू काय?”

“दोन महिने काय करत होतीस? काही लागत नव्हतं, तरी जातच होतीस ना?” त्यांनी माझा थर्मास ओट्यावर ठेवला. स्वच्छ धुतलेला होता. “आलं घालू?”

मी खाली केलरमध्ये गेले. बॅगा आधीच भिंतीकडे सरकवलेल्या होत्या.

रॉडशिवाय मी तळ्यावर पहिल्यांदाच गेले. हातांचं काय करावं कळेना, मग ते मांडीवर ठेवले. आजोबांनी सवयीने “पेट्री हाइल” म्हटलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि दोन्ही हात पसरले: काठी कुठे?

“आज नाही,” मी जर्मनमध्ये म्हणाले. मला वाटलं, आता कारण विचारतील. त्यांनी मान डोलावली आणि ते आपल्या दोरीकडे बघायला लागले.

चहात आलं जरा जास्तच होतं. धुकं विरेपर्यंत मी बसले.

घरी आले तर सासूबाई नारळ खोवत होत्या. खोवून डब्यात, डबा फ्रीझरमध्ये, बार्शच्या शेजारी.

“आहेत का ते मासे खाली अजून?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“असतील.”

“असू देत. महिना संपू दे, मग बघू त्यांच्याकडे.”