यादीतलं शेवटचं नाव

दामोदर खांबेटे यांची प्रामाणिकपणाची खोड आमच्या जयनगरच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होती. सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनियर, निवृत्तीनंतर बनशंकरीत घर आणि मंडळाची यादी सांभाळणं. गणपतीच्या प्रतिष्ठापनेला कुठलं जोडपं बसणार यावरून दरवर्षी भांडणं व्हायची, ती त्यांनी मिटवली. संगणकावर छोटासा प्रोग्राम लिहिला. जोडप्यांना क्रमांक द्यायचे, बटण दाबायचं, ज्यांचा आकडा येईल ते यजमान. यादी करणाऱ्यानं स्वतःचं नाव वर घालणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांचं कायम सगळ्यात खाली.

बारा वर्षं बटण दाबलं. मी दोनदा बसलो, आणि मला तर आरतीही धड येत नाही. खांबेट्यांच्या पत्नी सुलभावहिनी मात्र दरवर्षी ठेवणीतलं नऊवारी इस्त्री करून ठेवायच्या. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, आपलं नाव आहे ना त्यात?"

खांबेटे उखडले. "यंत्रापुढे कुणाचा वशिला चालत नाही. नशिबात असेल तर येईल."

मला तेव्हा खांबेट्यांचा राग आला होता, आजही येतो.

फेब्रुवारीत वहिनी गेल्या.

यंदा प्रोग्राम महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या शलाकाकडे दिला. नजर टाकताच ती थांबली. "काका, यात बग आहे. या लँग्वेजमध्ये रेंजचा वरचा नंबर धरत नाहीत. तुम्ही एक ते चौसष्ट लिहिलंय, पण रँडम नंबर त्रेसष्टपर्यंतच येणार. लास्टवालं नाव कधीच येणार नाही."

खांबेट्यांनी नोकरीभर ज्या जुन्या भाषेत काम केलं, तिच्यात मोजणी शेवटचा आकडा धरून चाले. नवी भाषा ते निवृत्तीनंतर पुस्तकावरून शिकले, सवय जुनीच राहिली. शेवटच्या ओळीत कोणाचं नाव आहे ते दिसलं, तेव्हा शलाकानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

समितीतला एक शहाणा म्हणाला, "यंदा मान खांबेट्यांनाच देऊ या." मग त्याच्याच लक्षात आलं, की प्रतिष्ठापनेला आमच्याकडे जोडपंच बसतं.

"काका, वरचा नंबर एकनं वाढवू का?" शलाकानं हळूच विचारलं. "एका सेकंदाचं काम आहे."

"नको," खांबेटे म्हणाले. "चौसष्टावं नाव खोड. मग प्रोग्राम बरोबर आहे."